वास घ्या

उमाठे सर कोणताही कागद वाचण्याआधी हुंगतात. प्राचार्यांचं परिपत्रक असो, विद्यार्थ्याचा रजेचा अर्ज असो की लग्नाची पत्रिका असो, कागद आधी नाकाशी जातो आणि मग डोळ्यांपुढे येतो. डोळे मिटलेले, मान किंचित मागे, एक लांब श्वास. मग ते म्हणतात, "आला." वास आला, असा त्याचा अर्थ. त्यानंतर निकाल लागतो. "प्रिंटर बदलला वाटते ऑफिसात." किंवा, "हा अर्ज यानं कॅन्टीनमधी बसून लिहिला. पोह्याच्या प्लेटीच्या बाजूले."

अर्जावर तर्रीचा डाग होता, ही गोष्ट वेगळी.

माझी बहुतेक नोकरी नागपुरातल्या एका दैनिकाच्या डेस्कवर झाली. निवृत्तीनंतर हिंगणा रोडवरच्या एका खासगी डिझाइन कॉलेजात मुलांना लिहायला शिकवण्यासाठी जाऊ लागलो. स्टाफरूममध्ये माझं टेबल उमाठे सरांच्या टेबलाला लागून होतं. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि नंतर स्वतःचा तळहात हुंगला.

"आला," ते म्हणाले. "छापखाना. जात नाही तो वास. पेपरवाले ना तुम्ही?"

मी प्रभावित झालो. माझ्या नेमणुकीची सूचना आठवडाभर बाहेरच्या फळ्यावर लागलेली होती आणि तीत माझा पूर्वीचा व्यवसाय दिलेला होता, हे मला जेवणाच्या सुट्टीत कळलं. तेव्हापासून ते मला 'संपादक' म्हणतात. मी संपादक कधीच नव्हतो. तसं सांगून पाहिलं. "असू द्या ना, संपादक," ते म्हणाले.

त्यांच्या विषयाचं वेळापत्रकातलं नाव 'ज्ञानेंद्रिये आणि रचना' असं आहे. वस्तू दिसते कशी, हे बाकीचे शिकवतात. ती वाजते कशी, हाताला लागते कशी आणि मुख्य म्हणजे तिला वास कोणता, हे उमाठे सर शिकवतात. त्याआधी ते इंदूरकडे साबणाच्या कारखान्यात होते. कोणता वास कोणत्या साबणात घालायचा, हे ठरवणाऱ्या खात्यात. जुने सहकारी सांगतात की वर्कशॉपमधली वायर धूर निघण्याच्या आधी त्यांनी नाकानं पकडली होती आणि मेन स्विच बंद करायला लावला होता. म्हणजे कीर्ती कमावलेली होती. मुलांनी त्यांना 'नाकाडे सर' असं नाव पाडलं. हे आडनाव आपल्याकडे असतंच, त्यामुळे पहिल्या वर्षाची निम्मी मुलं ते खरं समजत. एका मुलानं रजेच्या अर्जावर 'माननीय नाकाडे सर' लिहिलं. सरांनी अर्ज हुंगला, वाचला आणि मंजूर केला.

त्यांची शिकवण्याची रीत ठरलेली होती. विद्यार्थी काहीतरी करून आणायचा. सर ते नाकाशी धरायचे, "आला" म्हणायचे आणि निकाल न देता ती वस्तू त्या विद्यार्थ्याच्याच नाकाशी न्यायचे. "आता तू घे गा. सावकाश." विद्यार्थी हुंगायचा. सर त्याच्याकडे बघत राहायचे. मग बोलायचे. थर्माकोल त्यांना चालत नसे. "याले वासच नाही. ज्याले वास नाही त्याच्यावर भरवसा ठेवू नका." प्लॅस्टिकची फुलं आणणाऱ्या मुलीला त्यांनी वर्गातून परत पाठवलं नाही, फक्त ती फुलं खिडकीबाहेर ठेवायला लावली.

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी पहिल्यांदा मानेवाड्याला त्यांच्या घरी गेलो तेव्हाचा प्रसंग. फाटकाशी त्यांनी गाडी बंद केली, हेल्मेट काढलं, मान मागे केली. मी उतरून उभा. गल्लीत कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या.

"आला," ते म्हणाले, आणि घराच्या दिशेनं आवाज दिला, "भरलं वांगं."

आतून वहिनींचा आवाज आला, "हो, वांगंच."

"रोजचं आहे हे," ते मला म्हणाले. "लग्न झालं तेव्हापासून. एक डाव नाही चुकलो. विचारा तिले."

वहिनी पाण्याचे पेले घेऊन बाहेर आल्या होत्या. "एक डावही नाही," त्या म्हणाल्या आणि पेले ठेवून आत गेल्या.

जेवण यायला त्या दिवशी बराच उशीर झाला. ज्याचा वास फाटकापर्यंत पोचला ते वांगं ताटात यायला इतका वेळ का लागावा, हे मला कळलं नाही. भूक लागली होती म्हणून लक्षात राहिलं, इतकंच.

त्या वर्षी एका वाईन कंपनीनं संत्र्याची वाईन बाजारात आणायची ठरवली. संत्री आपली, म्हणून कार्यक्रमही नागपुरात. वर्धा रोडवरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये पाहुण्यांना वाईन पाजण्याआधी तिचा 'अनुभव' द्यायचा होता. हात लावला की काही दिसेल, झाकण उचललं की काही ऐकू येईल, वास येईल, अशा मांडण्या करायच्या. हे काम आमच्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मिळालं. सगळ्यांत चांगली मांडणी करणाऱ्या एका विद्यार्थ्याला कंपनी वर्षभर आपल्या डिझाइन विभागात घेणार होती. एकच जागा होती.

संस्थेच्या अध्यक्षांना दारूचा शब्द चालत नाही. प्राचार्यांनी फाईलवर 'संत्रा प्रक्रिया उपक्रम' असं लिहिलं आणि पालकांच्या सभेत 'फळांच्या रसावर पुढचं काम' असं सांगितलं. एका पालकानं विचारलं, पुढचं म्हणजे किती पुढचं. प्राचार्यांनी चहा मागवला. सेन्सर आणि पंखे बसवायचं काम सार्थक नावाच्या मुलाकडे होतं. तो म्हणाला, "सर, मी वर्ध्याचा. आमच्या जिल्ह्यात बंदी आहे. मी फक्त वायरी जोडतो."

ती जागा जिला हवी होती तिचं नाव पल्लवी. नरखेड तालुक्यातली, घरी संत्र्याची बाग. कॉलेजात आली तेव्हा तिला कपड्यांचं डिझाइन शिकायचं होतं. पहिल्या वर्षी उमाठे सरांनी वर्गाला गावातली एखादी जागा फक्त वासातून दाखवायला सांगितली. पल्लवीनं आठवडी बाजार शिशांमध्ये भरून आणला. ओलं गोणपाट, गुळाची भेली, बैलाच्या अंगाचा वास, कोथिंबिरीच्या काड्या. सरांनी एकेक शिशी हुंगली, तिला हुंगायला लावली, तिच्याकडे पाहिलं, आणि सगळ्या वर्गात एकटीला 'अ' दिला. "तुले नाक आहे वं," ते म्हणाले. "बाकीच्यायले निस्ते चेहरे आहेत." कपडे तिथेच सुटले. घरी वडिलांशी भांडून ती सरांच्या शाखेत आली. सर म्हणाले म्हणजे झालं, हे तिचं गणित होतं.

तिची मांडणी साधी होती. ओळीनं मडकी, प्रत्येकावर झाकण. झाकण उचललं की मागचा छोटा पंखा सुरू होणार, आत दिवा लागणार आणि वास उचलणाऱ्याच्या तोंडावर येणार. पहिल्या मडक्यात संत्र्याच्या आंबिया बहाराची फुलं, मग बागेतली ओली माती, मग संत्र्याची साल, मग पिंपाचं लाकूड, शेवटी वाईन. फुलापासून पेल्यापर्यंत. फुलांचा वास बाजारात अर्काच्या बाटलीत मिळतो. सरांनी तो नामंजूर केला. "बाटलीतला वास म्हणजे फोटोतलं जेवण. बागेतली फुलं आण." पल्लवीलाही तेच हवं होतं.

मजकुराचं काम माझ्याकडे होतं. मांडणीवर दोन शब्दांची पाटी लागणार होती. सरांनी शब्द दिले, 'वास घ्या'. कंपनीच्या ब्रँड-प्रमुख बाई पुण्याहून यायच्या. त्यांना पाटी आवडली नाही.

"वास हा शब्द थोडा निगेटिव्ह आहे," त्या म्हणाल्या. "वास येतोय म्हटलं की लोक नाकाला रुमाल लावतात. 'सुगंध अनुभवा' करूया?"

"तांदूळ घेता ना तुम्ही, मॅडम?" सरांनी विचारलं. "चांगला, भारीतला?"

"घेतो."

"दुकानदाराले काय म्हणता? वासाचा तांदूळ द्या म्हणता. सुगंधाचा तांदूळ द्या, असं म्हणता का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. भाषेचा प्रश्न होता, निवाडा मला करायचा होता. मी म्हणालो की वास चांगलाही असतो आणि वाईटही असतो, शब्द दोन्हीकडून मोकळा आहे. ते खरंच होतं. पाटी 'वास घ्या' अशीच राहिली. सर खूश झाले. "नाक खोटं बोलत नाही, संपादक," ते म्हणाले. "शब्द बोलते."

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी पल्लवीनं बागेतली फुलं आणली, पाण्यात घालून पहिल्या मडक्यात भरली आणि वडिलांना आणायला गावी गेली. वडिलांनी तिची शाखा मनापासून मान्य केलेली नव्हती. ते पहिल्यांदाच तिचं काम बघायला येणार होते. जाताना तिनं सरांना सांगितलं, सकाळी एकदा फुलांचा वास बघा, उतरला असेल तर मी ताजी घेऊन येते.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी पाट्या घेऊन हॉलवर गेलो. भिंतीच्या फळ्यांना नुकतंच पॉलिश लावलं होतं, त्याच्या वासानं डोळे चुरचुरत होते. हॉल दोन रात्री बंद होता. मी भिंतीकडे तोंड करून पाटीचे खिळे ठोकत होतो. सर पहिल्या मडक्याशी गेले. झाकण उचललेलं मला ऐकू आलं. पंख्याची वायर सार्थकनं अजून जोडली नव्हती. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. ते फोनचा आवाज नेहमी मोठा ठेवतात, त्यामुळे पल्लवीचं बोलणंही स्पष्ट ऐकू आलं.

"सर, मी बागेत उभी आहे. झाडाखाली चादर टाकून ठेवली. फुलं झाडू का?"

"थांब," सर म्हणाले. एक लांब श्वास. "आला."

"कसा आहे सर?"

मी पुढचा खिळा लावला.

"बाग आहे वं, बाग. काही झाडू नको. उगाच काहून झाडतं? फळं होतील त्याची."

"नक्की ना, सर? नाहीतर बाबा म्हणते, पिशवीभर घेऊन जाऊ."

"मी सांगून राहिलो ना. या तुम्ही."

मी शेवटचा खिळा ठोकून वळलो तेव्हा झाकण परत बसलेलं होतं.

पाहुणे दुपारी आले. कंपनीची माणसं, हॉटेलवाले, एक-दोन बागायतदार, प्राचार्य. पल्लवी आणि तिचे वडील एसटीनं येऊन पोचले होते. वडिलांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि ते दाराजवळच्या खुर्चीत टेकून बसले होते. आधी दुसऱ्या विद्यार्थ्यांची मांडणी झाली. यंत्रातून संत्र्याच्या गोळीचा वास येत होता, तो भिंतीवरच्या रंगांबरोबर बदलत होता. टाळ्या झाल्या. मग सगळे मडक्यांकडे आले. ब्रँड-प्रमुख बाईंनी पाटीकडे पाहून सरांना हसून मान हलवली आणि पहिलं झाकण उचललं.

त्या दिवशी सार्थकची यंत्रणा एका क्षणानंही चुकली नाही. दिवा लागला, पंखा फिरला आणि दोन दिवस बंद हॉलमध्ये सडलेल्या फुलांच्या पाण्याचा वास थेट बाईंच्या तोंडावर आला.

त्या दोन पावलं मागे सरल्या. मागच्यांना कळायला वेळ लागला नाही. कुणीतरी खोकलं. बाईंनी रुमाल काढला आणि नाकाला लावला, त्यांनी आधी सांगितलं होतं तसाच.

"वास येतोय," त्या म्हणाल्या.

"कसला वास?" प्राचार्य म्हणाले, आणि मग त्यांनाही आला. "उमाठे सर, अहो, हे काय आहे?"

उमाठे सर पुढे झाले. मडक्यावर वाकले. डोळे मिटले. पंखा त्यांच्या चेहऱ्यावर चालू होता. ते इतका वेळ वाकून राहिले की लोक एकमेकांकडे बघू लागले. 'आला' हा शब्द आला नाही.

"मले वास येत नाही," ते म्हणाले.

हॉल हसला. मोठ्यानं नाही, पाहुणे हसतात तेवढंच. कंपनीचा एक तरुण म्हणाला, "सर स्टुडंट्सना सपोर्ट करताहेत. ग्रेट."

"आता तरी कबूल करा, सर," प्राचार्य ओठ फारसे न हलवता म्हणाले. "अख्ख्या हॉलला येतोय."

"मी काय म्हणून राहिलो?" सर म्हणाले. "मले वासच येत नाही. कशाचाच."

"बरं, बरं," प्राचार्य म्हणाले आणि पाहुण्यांना पेल्यांच्या टेबलाकडे घेऊन गेले.

मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं तपासली आहेत. हे वाक्य व्याकरणानं पूर्ण होतं, त्यात एकही शब्द कमी नव्हता, आणि त्या हॉलमध्ये ते कुणीही जसं होतं तसं ऐकलं नाही. सगळ्यांनी त्यात 'इथे' हा शब्द आपल्या मनानं घातला. मीही घातला होता. नंतर सरांचा चेहरा पाहून तो काढला. त्या तरुणानं तोवर मडकं, रुमाल आणि वरची पाटी एका फोटोत घेतली होती. 'वास घ्या.' संध्याकाळपर्यंत तो फोटो कॉलेजातल्या प्रत्येक फोनवर होता.

जागा संत्र्याच्या गोळीला मिळाली.

पल्लवीनं झाकणं लावली, पंख्याची वायर स्वतः काढली. खाली गाड्या लावतात तिथे ती आणि तिचे वडील एसटी स्टँडसाठी ऑटोची वाट बघत होते. सर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. मी मागे होतो.

"पल्लवी, कोरोना झाला ना मले, तेव्हापासून जो गेला वास, तो आलाच नाही," सर म्हणाले. "आज मी अंदाजानं बोललो. तुझी चूक नाही. मी मॅडमले सांगतो."

वडिलांनी आधी ऐकून घेतलं. ते म्हणाले, "सर, सांगाचं होतं ना. चादर टाकलेली होती. झाडालेच किती वेळ लागते."

पल्लवी हिशेब करत होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. कोरोना ती कॉलेजात येण्याच्या आधीचा.

"मग पहिल्या वर्षी माह्या शिशा?" तिनं विचारलं. "बाजाराच्या. तुम्ही मले 'अ' कशाचा दिला?"

सर गाड्यांकडे बघू लागले.

"मी त्या 'अ'वर आले या लाईनमधी, सर."

ऑटो आला. वडील आधी चढले. ती चढली आणि तिनं परत वळून बघितलं नाही. त्यांच्यात रागाचं बोलणं झालं नाही, त्यामुळे मिटवायलाही काही राहिलं नाही.

सर वर गेले आणि बाईंना भेटले. त्या म्हणाल्या, निर्णय पॅनेलचा असतो. मग त्यांनी प्राचार्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं, 'इथे' हा शब्द घालायला जागा राहणार नाही अशा भाषेत सांगितलं. प्राचार्यांनी त्यांना बाजूला घेतलं. नंतर त्यांनी विचारलं, हे लेखी कुठे आलंय का. नाही म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. कॉलेजच्या तपासणीला समिती येणार होती, आणि 'ज्ञानेंद्रिये आणि रचना' हा विषय तिला दाखवायच्या विषयांत पहिला होता.

"तुम्ही उत्तम शिकवता, सर," प्राचार्य म्हणाले. "तुमच्या नाकाचं आम्हाला काय करायचंय?"

ते त्यांना धीर द्यायला म्हणाले होते. सर आजही तो विषय शिकवतात.

संध्याकाळी मी त्यांच्या मागे स्कूटरवर बसलो. त्यांनी बोलावलं नव्हतं आणि मी विचारलंही नाही. वाटेत अजनीच्या पुलाजवळ गाड्या अडल्या होत्या, तिथे मी विचारलं. डेस्कवर बातमीदाराला विचारतो तसंच विचारलं.

"इतकी वर्षं चालवलं कसं?"

"चेहरे," ते पुढे बघत म्हणाले. "पोरांच्या नाकाशी धरतो ना मी वस्तू. नाक खोटं बोलत नाही, संपादक. त्यायचं. भुवया, नाकपुड्या, थुंकी गिळते का. सगळं दिसते. माह्या नाकापेक्षा बरं दिसते."

"आणि पल्लवीचा 'अ'?"

"ती गुळाची शिशी उघडली ना, तर पोरगी आठ वर्षांची झाली माह्यासमोर. कोणाच्या तरी हाताले धरून उभी होती बाजारात. मी पाहिलं. त्याचा दिला 'अ'. खोटा नव्हता तो."

"मग हे तिला का नाही सांगितलं?"

"सांगून काय, ऑटो सुटला होता."

पुढच्या गाड्या सरकल्या. आम्हीही थोडे सरकलो.

"आज सकाळी पण पाहिलं मी," ते म्हणाले. "हॉलमधी एकच माणूस होतं. तुमचं तोंड भिंतीकडे होतं."

"हाक मारायची होती."

"काय म्हणू? या संपादक, मले वास घेऊन द्या?"

पुलापुढे रस्ता मोकळा झाला आणि ते नेहमीच्या वेगानं गाडी चालवू लागले.

"घरी माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही," ते पटकन म्हणाले. "तिले काही बोलू नका. तिले लय कौतुक आहे त्याचं. सकाळी भाजी मीच आणून देतो, दोन-तीन प्रकारची. त्यातलीच एक राहते. जमून जाते."

"चुकत नाही कधी?"

"नाही. त्याचंच मले आश्चर्य वाटते."

फाटकाशी त्यांनी गाडी बंद केली. हेल्मेट काढलं. मला वाटलं, आज तरी सरळ आत जातील. त्यांनी मान मागे केली, डोळे मिटले आणि श्वास घेतला.

मी शेजारी उभा होतो. घरातून तेलात परतलेला लसूण आणि खरपूस बेसन यांचा वास येत होता. झुणका. कोणाही माणसाला ओळखता आला असता.

"आला," सर म्हणाले, आणि आवाज दिला, "मेथी."

आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग वहिनींचा आवाज आला.

"हो, मेथीच."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काही सैल झालं. ते अंगणातल्या नळावर पाय धुवायला गेले. मी पाणी प्यायला आत गेलो, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत.

शेगडीवरून नुकतीच उतरवलेली कढई वहिनी मागच्या फळीवर ठेवत होत्या. तिच्यावर त्यांनी ताट झाकलं. फ्रिज उघडून मेथीची जुडी काढली, खाली बसल्या, समोर परात घेतली. मग मी त्यांना दिसलो.

त्या दचकल्या नाहीत. आवाज मात्र खाली आणला.

"थोडा वेळ लागल, भाऊ. बसा तुम्ही."

"काय संपादक," बाहेरून सरांनी विचारलं, "चुकलो का?"

वहिनींचे हात थांबले होते. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी जुडीचा दोरा सोडला आणि पानं खुडायला घेतली.